दोन डबे घरचं पाणी

पाऊस पडावा म्हणून सायकलला पाणी बांधून निघालेली आणि वाटेत पावसानंच अडवलेली माणसं जगात एकाच जिल्ह्यात असतील. तो जिल्हा तेव्हा अगदी नवा होता, आणि त्या माणसांत मी सगळ्यात मागं होतो.

लातूर जिल्हा झालं तेव्हा आमच्याकडं पाणी सोडून सगळं आलं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं दुकानावर ‘जिल्हा केश कर्तनालय’ अशी नवी पाटी लावली (वस्तरा जुनाच होता). माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ मल्लिकार्जुन, म्हणजे सगळ्या गावाचे मल्लूकाका, यांचं सायकलचं दुकान होतं. जिल्ह्याच्या ठिकाणाला शोभेल असं काहीतरी आपणही केलं पाहिजे म्हणून त्यांनी ‘जिल्हा सायकल मंडळ’ काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाले. निवडणूक दुकानातच झाली. मतदार पंक्चर काढून घ्यायला आलेले होते, त्यामुळे मत दिल्याशिवाय त्यांना चाक परत मिळत नव्हतं.

आणि दुष्काळ म्हणाल तर तो मात्र जुना, मुरलेला होता. नळाला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं. आधी बातमी यायची, मग गल्लीभर धावपळ व्हायची, आणि बऱ्याचदा पाहुणा यायचाच नाही. आमच्या घरी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, भांड्यांच्या पाण्यानं फरशी पुसायची आणि उरलेलं दारातल्या बेलाला घालायचं. तो बेल त्या वर्षी वरणभात खाऊनच जगला. घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचे, पाणी विचारायचे नाहीत. विचारलंच तर अशा आवाजात, की समजूतदार माणूस नको म्हणायचा.

अशा दिवसांत माझं लग्न ठरायच्या बेतात आलं. मी वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसायचो. स्थळ लातूरजवळच्या मुरुडचं होतं, तिथल्या किराणा दुकानवाल्या अण्णांची धाकटी मुलगी गिरिजा. तिला मी एका लग्नात लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकानं हिरवा खण मागितला की निळा काढून द्यायला लागलो होतो. मला ती फार आवडली होती. हे सांगायला आता काही हरकत नाही, तेव्हा मात्र ते आई, वडील, काका आणि दुकानातला नोकर सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

अडचण होती ती अण्णांची. माणूस पारखायची त्यांची स्वतःची रीत होती. शिक्षण, दुकान, शेती असलं काही ते विचारायचे नाहीत. त्यांच्या थोरल्या जावयाला त्यांनी पसंत केलं ते म्हणे जेवण झाल्यावर हात धुताना तो गडू किती तिरपा करतो, हे बघून. त्याच्या आधीच्या मुलानं चूळ भरून पाणी लांब फेकलं, तर त्याला पान न देताच वाटेला लावलं होतं. “जो पानी राखतो, तो बायकू राखतो,” असं ते सगळ्यांना सांगायचे. माझ्याबद्दल त्यांनी निरोप पाठवला की, पोरगा घरात बघून काय कळतंय, सोमवारी म्हादेवाला येऊन ऱ्हायलेत न्हवं तुमी, तितंच बघतो.

तर त्या सोमवारची गोष्ट. श्रावण निम्मा सरला तरी थेंब नव्हता. आमच्याकडं अशा वेळी महादेव कोंडायची चाल आहे. गाभाऱ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ते गोमुख चिंध्यांच्या बोळ्यानं बंद करायचं, गाभाऱ्यात पाणी ओतत राहायचं, पिंड पार बुडाली की दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. थोडक्यात म्हणजे देवाच्याच दारात धरणं, पण ओलं. त्यात एक कडक नियम असा, की पाणी ज्यानं त्यानं आपल्या घरचं न्यायचं. उसनं पाणी चालत नाही, विहिरीचं नाही, टँकरचं तर नाहीच. आपल्या रांजणातलं काढून दिलं तरच देवाला आपली कळ कळते.

मुरुडच्या रस्त्याला, आत आडवाटेच्या एका गावात, असाच एक छोटा महादेव होता. मल्लूकाकांनी जाहीर केलं की नव्या जिल्ह्याचा पहिला देव सायकल मंडळ कोंडणार. प्रत्येक सायकलीला तेलाचा एकेक रिकामा डबा घरच्या पाण्यानं भरून बांधायचा, असं ठरलं.

“एक डबा कामून? ह्याच्या सायकलीला दोन बांधा,” आई म्हणाली. “अण्णांच्या डोळ्यात भराय पायजे.”

“आई, रांजण रिकामा होईल.”

“होऊ दे की. सून आली म्हंजे ती भरंल.”

काकांच्या दुकानात काम करणारा सलीम, माझा बरोबरीचा दोस्त, त्यानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन डबे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना आवळून बांधले. आईनं मला पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालायला लावली. (कापडाच्या दुकानदाराच्या मुलानं चिखलाच्या रस्त्यानं पांढरं घालून जाऊ नये, हे तिला कळत होतं. पण चिखल बघून इतके दिवस झाले होते की तो असतो हेच आम्ही विसरलो होतो.) मंडळातल्या एकानं छत्री घेतली होती. काका त्याच्यावर उखडले.

“छत्री घेऊन देवाकडं पाऊस मागाय चालला व्हय? त्याला वाटंल, ह्यान्ला भिजायचंच न्हाई. ठेव घरी!”

छत्री घरी राहिली. आम्ही घंट्या वाजवत निघालो. सगळ्यात पुढं काका, गळ्यात हार (तो त्यांनीच आणला होता), मागं मंडळ, आणि सगळ्यात शेवटी मी. दोन डब्यांनी माझी सायकल अशी डुलत होती की समोरून येणारी एसटीसुद्धा मला पूर्ण रस्ता देऊन शेजारच्या रानात उतरते की काय असं वाटलं. पण मन आनंदात होतं. आज गिरिजा मला दोन डब्यांसकट बघणार होती.

डांबरी रस्ता सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो आणि आभाळ भरून यायला लागलं. सगळ्यांनी ते पाहिलं, पण कुणी बोललं नाही. आमच्याकडं ढगाला बोट दाखवत नाहीत, तो लाजून परत जातो. सगळे माना खाली घालून पायडल मारत राहिले. मग वारा सुटला, मातीचा वास आला, आणि पाठीवर पहिला थेंब असा बसला की मला वाटलं कुणीतरी खडा मारला. बघता बघता धो धो सुरू झाला. मंडळानं सायकली टाकल्या. कुणी तोंड वर करून जीभ बाहेर काढून उभा राहिला, कुणी रस्त्यातच मांडी घालून बसला. एवढी मोठी माणसं, पण कुणाला कसली शुद्ध नव्हती. मी तर रडलो. पावसात ते कुणाला कळलं नाही, म्हणून इथं सांगतो.

मग सलीमनं एक साधी शंका काढली.

“काका, पाऊस तो आ गया. अब देवळाकडं कायको जानेका?”

सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. प्रश्न बरोबर होता. पण मल्लूकाका अध्यक्ष होते.

“ह्यो पाऊस आपला न्हाई,” ते म्हणाले.

“मग कुनाचा हाय?”

“नांदेडकडच्या उमरीवाल्यांचा. त्यान्नी गेल्या सोमवारीच म्हादेव कोंडलाय तिकडं. त्यांचा पाऊस वाट चुकून आपल्या जिल्ह्यात शिरलाय. नांदेडवाले उद्या माघारी न्हेतील. आपला आपल्याला मागावाच लागंल.”

जिल्हा नवा होता, हद्दी अजून कुणाच्या नीट ध्यानात बसल्या नव्हत्या. काकांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. त्यांनी सायकलीवर टांग टाकली आणि आम्ही दुसऱ्याच्या पावसात भिजत आपला पाऊस मागायला पुढं निघालो.

आता ज्यांनी काळ्या रानात पावसात सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळी माती कोरडी असते तोवर माती असते. ओली झाली की ती सोयरीक जोडते. चाकाला चिकटते, मग मडगार्डला चिकटते, मग दोघांच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरायचं नावच घेत नाही. काडीनं ती काढायची, जरा पुढं जायचं, पुन्हा काढायची. थोड्या वेळानं सायकलीवर माणूस न दिसता माणसावर सायकल दिसायला लागते. मंडळातल्या सगळ्यांनी आपापल्या सायकली खांद्यावर घेतल्या, एक डबा हातात धरला आणि ते चालते झाले. माझे दोन डबे होते. खांद्यावर सायकल, दोन हातांत दोन डबे, आणि पायातली चप्पल मागंच कुठंतरी जमिनीच्या पोटात गेलेली. मंडळ दिसेनासं झालं. फक्त सलीम माझ्यासाठी थांबला.

पुढं एका उतारावर मी घसरलो आणि सायकलीसकट पालथा पडलो. उठलो तेव्हा पांढऱ्या कपड्याचा पत्ता नव्हता. डोळे तेवढे उघडे होते, बाकी सगळा मी काळ्या मातीचा झालो होतो. डबे मात्र शाबूत होते. कडी घातलेली झाकणं गच्च होती.

तिथं, त्या चिखलात बसून, मी डोकं चालवलं. ते मी एरवी फारसं करत नाही, आणि का करत नाही ते पुढं कळेलच. डब्यांत पाणी. डब्यांवर पाणी. डब्यांखाली पाणी. सगळीकडं पाणीच पाणी असताना मी पाणी उचलून का मरतोय? मी पहिल्या डब्याचं झाकण काढलं.

“नक्को रे, बसवराज,” सलीम म्हणाला. “घर का पानी है.”

“अरे, देवाला काय कळतंय?”

“देवाचं जाऊ दे. तेरी अम्मा को कळतंय.”

पण मी ऐकलं नाही. पहिला डबा ओतला. लई हलकं वाटलं. दुसराही ओतला. नेमका त्याच वेळी मागून खळखळत एक बैलगाडी आली. गाडीत पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेतलेली माणसं होती. गाडी माझ्याशेजारून गेली तेव्हा एका खोळीतून एक म्हातारा चेहरा बाहेर आला, माझ्या उपड्या डब्याकडं त्यानं पाहिलं आणि तो पुन्हा आत गेला. दुसऱ्या खोळीतून दोन मोठे डोळे दिसले. तेही आत गेले.

“कोन था?” सलीमनं विचारलं.

“असेल कुणीतरी,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर ते डोळे मी ओळखले होते. पण काही गोष्टी माणूस स्वतःलाही लगेच सांगत नाही.

देऊळ दिसायला लागलं तसा माझा धीर सुटला. रिकामे डबे घेऊन अण्णांपुढं कसं जायचं? गावाच्या कडेला एक चर भरून वाहत होता. मी दोन्ही डबे त्यात बुडवून भरले, झाकणं लावली. म्हणजे वजन कमी व्हावं म्हणून जे ओतलं, ते आता गाळासकट पुन्हा भरून मी वाहायला लागलो. सलीम देवळाच्या पायरीवर एकदाच म्हणाला, “डब्बे में कुछ तो बी बज ऱ्हा है.”

“खडा असेल.”

देऊळ अगदी लहान होतं. सभामंडपात गावची माणसं, बायका आणि आमचं मंडळ दाटीवाटीनं उभं होतं, आणि चार पायऱ्या खाली उतरून गाभारा. गावानं सकाळपासून आपापल्या घागरी ओतून तो निम्मा भरला होता. पाऊस लागला तसे ते थांबले होते. पण मल्लूकाकांनी त्यांना उमरीवाल्यांचा सगळा मामला समजावून सांगितला आणि मंडळाचे डबे ओतायला सुरुवात केली. पिंडीचा फक्त माथा वर राहिला होता. पूजा करणारे जंगम स्वामी गुडघाभर पाण्यात उभे होते.

खांबाला टेकून अण्णा उभे होते. खोळ काढून पिळत होते. शेजारी गिरिजा होती.

“मल्लूआप्पा,” अण्णा काकांना म्हणाले, “वाटंत एक इपरीत बघितलं बगा. एक मानूस, डब्यातलं चांगलं पानी भुईवर ओतून देऊन ऱ्हायला हुता. आमच्या बैलान्नी सुदिक मान फिरवली.”

“काय सांगता! कुठला हुता?”

“आता काय सांगावं. सगळा चिखुलच हुता. माय-बाप नसतील त्याला.”

मी दाराकडं एक पाऊल मागं सरकलो. तेवढ्यात काकांना मी दिसलो, आणि त्यांचा चेहरा फुलला.

“आला, आला! ह्यो आमचा बसवराज, अण्णा. सगळ्यान्नी एक डबा आणला, आमच्या पोरानं दोन आणले. हाव का न्हाई? चल बाळा, तुझ्या पाण्यानं पिंड बुडू दे.”

आता मागं फिरायला जागा नव्हती. मी खाली उतरलो, पहिला डबा पिंडीवर धरला आणि झाकण काढलं. आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मग जरा गाळ आला. आणि मग एक लठ्ठ बेडूक आला. तो डब्यातून टुणकन उडाला आणि पिंडीच्या वर राहिलेल्या माथ्यावर जाऊन बसला.

स्वामींनी माझा हात धरून डबा सरळ केला. सगळं देऊळ चिडीचूप झालं. बेडूक तेवढा ओरडला.

“हे घरचं पानी?” अण्णांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “आमच्या नळाला असंच येतं.”

मंडळातल्या लातूरकरांनी माना डोलावल्या, कारण त्यात खोटं फारसं नव्हतं. पण गिरिजा अण्णांच्या मागून हळूच म्हणाली, “नळाला बेडूक बी येतंय का?”

ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

“येतं,” मी म्हणालो. “पण आठवड्यातून एकदाच.”

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णा हसले नाहीत. ते माझ्या डब्यांकडं बघत होते, मग माझ्या चिखलाकडं, मग पुन्हा डब्यांकडं. त्यांना सगळं जुळून आलेलं मला दिसलं.

“ह्योच त्यो,” ते एवढंच म्हणाले.

माझं लग्न तिथंच बुडालं. पिंड मात्र बुडाली नाही. माथा तसाच पाण्याबाहेर, वर बेडूक. बाहेर आभाळ फाटल्यागत कोसळत होतं, देवळाच्या वळचणीला धारा लागल्या होत्या, आणि आत एवढ्या माणसांत कुणाकडं तांब्याभर घरचं पाणी उरलं नव्हतं. स्वामी म्हणाले, आता अर्धवट सोडता येत नाही, आणि पावसाचं पाणी तर घालताच येत नाही. ज्याच्याकडं मागायचंय त्याचंच त्याला कसं द्यायचं? माझे काका, ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ते गळ्यातला हार काढून खिशात घालायला लागले.

तेव्हा गिरिजा बाहेर गेली आणि गाडीतून त्यांची प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन आली. मुरुडहून घरून भरून आणलेली. तिनं पदरानं बेडकाला अलगद बाजूला केलं आणि बारीक धार धरली. तीसुद्धा अशी, की थेंब इकडं तिकडं उडाला नाही. पिंड बुडाली. स्वामींनी दार लावलं. घंटा झाली. काकांना लगेच वाचा फुटली.

“अण्णा, दोन्ही घरचं पानी देवापुढं एक झालं. आता सोयरीक झाल्यातच जमा की.”

“तुमच्या घरचं कुठं हाय त्यात?” अण्णा म्हणाले. “ते वाटंतच ओतलं न्हवं? काय तरी बोलून ऱ्हायले.”

एवढ्यात कुणीतरी “ऐका, ऐका” म्हणालं. आम्ही ऐकायला लागलो. ऐकू काहीच येत नव्हतं. पाऊस थांबला होता. आम्ही देव कोंडला आणि बाहेर पाऊस बंद झाला! ढग भराभरा विरून चाललेले आम्ही सगळ्यांनी मंडपातून बघितले. गावचा एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याच्या रानाला इतक्या दिवसांनी ओल लागली होती.

“कुनी सांगितलं हुतं तुमाला? चांगला चालला हुता पाऊस. लातूरहून सायकली घेऊन आले आन बंद पाडून ऱ्हायले! जिल्हा झाला म्हंजे काय पाऊस बी तुमीच ठरवनार का?”

“पण तो उमरीचा…” काकांनी सुरुवात केली.

“उमरीचा असो न्हाईतर काशीचा. आमच्या रानात पडून ऱ्हायला हुता न्हवं? काढा त्यो बोळा!”

सगळं गाव ओरडायला लागलं, बोळा काढा, बोळा काढा. स्वामी म्हणाले, बरं, काढा. पण आता प्रश्न आला की गोमुखाचा बोळा काढायचा कुणी? गाव म्हणालं, ज्यांनी कोंडला त्यांनी काढावा. मंडळातला एकही जण पुढं होईना. भरलेल्या गाभाऱ्याचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, एवढ्या घरांच्या रांजणातलं, हे कुणाच्याच हातून होईना. त्या वर्षी तसं पाणी सोडणं म्हणजे अंगावर काटा यायचं काम होतं.

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

“ह्याला सांगा की. पानी सोडायची सवय हाय त्याला.”

सगळं देऊळ हसलं. मी मान खाली घालून देवळाच्या मागं गेलो. मागं जमीन खोल होती, त्यामुळे गोमुख छातीएवढ्या उंचीवर होतं. मी त्यात हात घातला, चिंध्यांचा बोळा बोटाला लागला, मी तो ओढला आणि बघायला वाकलो. हे वाकणं गरजेचं नव्हतं. गाभाऱ्यातलं सगळं पाणी, गावच्या घागरींचं, मंडळाच्या डब्यांचं, गिरिजाच्या कळशीचं आणि माझ्या चराचं, एका दमात माझ्या तोंडावर आलं. मी मागं चालत गेलो, पडलो, तरी ते येतच होतं. शेवटी बेडूक आला. तो माझ्या मांडीवरून उडी मारून रानात निघून गेला.

पाणी थांबलं तेव्हा सगळे मागं येऊन उभे होते. आणि माझ्या तोंडावरचा, केसांतला, शर्टावरचा सगळा चिखल धुऊन निघाला होता. आईनं घालायला लावलेला पांढरा शर्ट पुन्हा पांढरा झाला होता. अण्णांनी आणि गिरिजानं माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मुलगा बघायचा कार्यक्रम तो असा पार पडला. तोवर मी हिशेब सोडून दिला होता. नुसता ओला बसून गिरिजाकडं बघत राहिलो. म्हटलं, नाही तर नाही, निदान एकदा नीट बघून घ्यावं.

अण्णा काकांकडं वळले. “बगा मल्लूआप्पा, पोरगा दिसायला बरा हाय. पन पानी ओतनाऱ्याला मी पोरगी देत न्हाई. जीव गेला तरी न्हाई.”

काकांनी खाली बघितलं. मी उठलो आणि माझे दोन डबे उचलायला गेलो. एवढ्यात गिरिजा बोलली. माझ्याशी नव्हे, अण्णांशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“अण्णा, ओतलं हे खरं. पन मग लाजून परत भरून बी आणलं की. लाज तर हाय.”

“आगं, पन उद्या घरातलं ओतलं म्हंजे?”

“घरातल्या पान्याला मी हात लावू दिला तवा न्हवं.”

अण्णांनी पिळलेली खोळ खांद्यावर टाकली. मग म्हणाले, “त्याच्या आईला इचारा, चालंल का म्हनावं असं.” आणि ते गाडीकडं निघाले.

आम्ही सायकली खांद्यावर घेऊन परत फिरलो. गाडीवाट संपायच्या आत पुन्हा भुरभुर सुरू झाली. लातुरात पोचेपर्यंत चांगलाच पडायला लागला होता. काकांनी पुढं कितीतरी वर्षं तो पाऊस जिल्हा सायकल मंडळाच्या नावावर सांगितला. घरी आईला सगळं सांगितलं. तिनं सोयरीक झाली का, हे विचारलंच नाही. एवढंच म्हणाली, “दोन्ही डबे?”

लग्न झालं. आणि गिरिजानं दिलेला शब्द आजतागायत पाळला. आमच्या घरात आता दारात नळ आहे, गच्चीवर टाकी आहे, पण मला पाण्याला हात लावायची परवानगी नाही. प्यायला पाणी हातात मिळतं, तेही पेलाभर. अंघोळीला बादली ती काढून देते आणि बाहेरून कान देऊन बसते. तांब्या जोरात वाजला की हाक येते, “बेडूक निघालं का?”

मागं आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, नोकरीचा, बोलायला गोड. जेवण झालं आणि तो मोरीपाशी हात धुवायला उठला. मीही उठून त्याच्या मागं दारात जाऊन उभा राहिलो. अण्णांचा जावई आहे मी, मला गडू बघता येतो. मुलानं नळ सोडला तो पूर्ण सोडला, बोलत बोलत हात धुतले, बोलत बोलत रुमाल शोधला, आणि नळ तसाच वाहता ठेवून बाहेर गेला. माझा जीव तळमळला, पण नळाला हात लावायची मला परवानगी नव्हती. पाहुणे गेल्यावर मी गिरिजाला सांगितलं, “हा मुलगा नको. पाणी सांडतो.”

तिनं वाहता राहिलेला नळ जाऊन बंद केला आणि पदराला हात पुसत म्हणाली, “सांडू द्या. दिसायला बरा हाय, लाज बी येईल हळूहळू. बाकीचं आपली पोरगी बघून घेईल. सांडनारं मानूस सांभाळता येतंय, मला म्हाईत हाय.”

मला तहान लागली होती, पण पाणीसुद्धा तिलाच मागावं लागणार होतं.